पाठमोऱ्या बाई

मेश्रामबाई मुलांना गोष्ट सांगायच्या ती त्यांच्याकडे पाठ करून. तोंड फळ्याकडे, हात मागे बांधलेले, पदर कमरेला खोचलेला आणि गोष्ट चालू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई वर्गावर रुसल्या आहेत. तास सुटल्यावर न राहवून विचारलंच, की हा काय प्रकार आहे. बाई म्हणाल्या, "मास्तर, पोट्ट्यायचे तोंडं लबाड असतेत. बाईले वाईट नको वाटाले म्हून उगाच हासतेत, डोळे मोठे करतेत. पायाले ते सोंग जमत नाई. कंटाळा आला का पाय हालतेच. मी पाय ऐकतो."

गोष्ट संपली की त्या वळायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "पाय कुठी हालले?" मुलंही भीडभाड न ठेवता सांगायची. ससा आजारी पडला तिथं हालले बाई. मुंगीनं उपदेश केला तिथं तर लय हालले. बाई ती जागा तिथल्या तिथं कापून टाकायच्या आणि पुढच्या शनिवारी तीच गोष्ट पुन्हा, पुन्हा पाठमोऱ्या. सगळे पाय गप्प राहिले की मगच ती कागदावर उतरायची. मी चिडवायचो की बाई, तुमची पुस्तकं पोरांनी तळपायांनी लिहिली आहेत. याचा त्यांना राग येत नसे. उलट त्या ते चार जणांत सांगत फिरायच्या.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा मूल या गावी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. बाई आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि रोज एस.टी.नं जंगलाच्या कडेच्या बोरटोल्याला शिकवायला जायच्या. ठेंगणी मूर्ती, घोगरा आवाज, चालणं असं की बरोबरीनं चालणाऱ्याला धाप लागावी. राइस मिलचा कोंडा उडून आमच्या दोरीवरच्या धुण्यावर बसायचा, त्यावरून माझी बायको सगळ्या मूल गावाचा उद्धार करायची, आणि बाई शांतपणे आपली साडी झटकून तीच नेसून शाळेला जायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पन्नास लेकरं आहेत न बापा, अजून किती पायजे?"

त्यांची माझी गट्टी जमली ती एका वाघामुळं. एका संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, वाघ काढता येते का तुमाले?" आता ड्रॉइंग मास्तरला हे विचारणं म्हणजे हलवायाला पेढा येतो का विचारण्यासारखं. मी चिडून तिथल्या तिथं वाघ काढून दिला, मिशांसकट. बाईंनी तो नीट निरखला आणि म्हणाल्या, एक पट्टा जास्त झाला. त्यांच्या गोष्टीतला गबाळू वाघ तळ्यावर आंघोळीला गेला की अंगावरचा एक पट्टा विसरून यायचा. मग तो पट्टा कधी बगळ्याच्या घरट्यात सापडायचा, कधी कोतवालाच्या कुंपणावर वाळत घातलेला. नागपूरच्या एका प्रकाशकानं गबाळूची दोन पुस्तकं काढली. ती इतकी चालली की मूलच्या बाजारात पोरं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, ते पाहा गबाळूचे मास्तर. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

बाईंचे वडील भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा बाई त्यांच्या खांद्यावर होत्या. घरी येऊन त्यांनी देव्हारा उचलला आणि मुलीला सांगितलं, देवाले भेऊ नको, भुताले भेऊ नको, माणसाले त बिलकुल भेऊ नको. हे वाक्य बाईंच्या हाडात मुरलं होतं. भीती दिसली की त्या तिच्या मागेच लागायच्या. काळोखाला भिणाऱ्या पोराला काळोखावर गोष्ट रचायला लावायच्या, मोजणीला भिणाऱ्याला आकड्यांची भांडणं लिहायला लावायच्या. "ज्याचं नाव घेता येते, त्याचं भेव अर्धं होते," हे त्यांचं आवडतं बोलणं. आणि दुसरं, "शब्दात जोर रायते. जपून वापरा, पण वापरा."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या मुलांना लिहायला शिकवायच्या. फुकट, हौसेनं. पोरानं 'आमचे गाव निसर्गरम्य आहे' असं लिहिलं की बाई विचारायच्या, "निसर्गरम्य? ते कोणाच्या घरी रायते रे?" पोरगं हसायचं आणि ते खोडून तलावावरचा बगळा लिहायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वह्यांतलं मले-तुले पाहून नाक मुरडलं. बाई म्हणाल्या, साहेब, पयले चालू द्या, मंग चप्पल घालू. साहेबांना हसावं की रागवावं कळेना.

तर या शनिवारच्या वर्गात बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं रानाविषयी भरभरून लिहीत, पण वाघ यायच्या जागी कुणी 'जनावर' लिही, कुणी 'मामा', आणि वनिता नावाची चौथीतली पोरगी तर तिथं नुसती मोकळी जागा सोडी. गबाळूच्या गोष्टीला पोटभर हसणारी ही पोरं स्वतः ते नाव घेत नव्हती. बोरटोल्यात कुणीच घेत नसे. रानात राहायचं तर त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो येतो, ही तिथली रीत होती. बाई कोळशाच्या गावच्या. त्यांना ती रीत म्हणजे पुसून टाकायची भीती वाटली.

एका शनिवारी त्यांनी वर्ग अंगणात आणला आणि खेळ मांडला. आधी कुजबुजत 'वाघ' म्हणायचं, मग बोलत, मग ओरडून. पोरं आधी एकमेकांकडे पाहत राहिली, मग एकाला चेव आला, मग सगळ्यांना. मी त्या दिवशी चित्रं दाखवायला गेलो होतो. अंगण नुसतं दणाणत होतं. वनिता तेवढी ओठ मिटून उभी होती. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग त्या पोरीनं डोळे गच्च मिटून असा आवाज काढला की बाकीची पोरं गप्प झाली. बाई खुलल्या. परत येताना एस.टी.त मला म्हणाल्या, पाहिलं मास्तर, केवढा आवाज दाबून ठेवला होता पोरीनं.

सोमवारी वनिताची आई, जनाबाई, शाळेच्या दारात आली. डोक्यावर काटक्यांची मोळी होती, ती खाली न उतरवताच म्हणाली, "बाई, पोरीले त्याचं नाव नका घ्यायले लावू जी. मले रोज रानात जा लागते." बाईंनी तिला समजावलं, नावानं काही होत नाही, पोरीचं भेव जाऊ दे. जनाबाई ऐकून घेऊन गेली. बाईंपुढं उलट बोलायची तिची पद्धत नव्हती.

होळी झाली आणि मोह पडायला लागला. मोहाची फुलं पहाटे गळतात; ढोरांनी, हरणांनी खायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघतात. बोरटोल्यात झाडं वाटून घेतलेली. ज्याचं झाड, त्याच्याच घरच्यांनी त्याखाली वेचायचं. जनाबाई आपल्या झाडाखाली वाकून वेचत होती, तिथंच वाघानं तिला धरलं. शेजारच्या झाडांखालच्या बायांनी आरडाओरडा केला तेव्हा तो सोडून गेला, पण तोवर सगळं संपलं होतं. शनिवार होता. बाई शाळेत पोचल्या तेव्हा गावानं तिला घरी आणलेलं होतं.

लोक बाईंना एक शब्दही वाईट बोलले नाहीत, हे आधी सांगतो. शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी त्या झेलल्या असत्या. वनिताचा बाप डोमाजी, रानात मजुरी करणारा मवाळ माणूस, बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुमचा कसूर नाई बाई. तुमी दुसऱ्या मुलखाच्या. पण नाव त पोरीनंच घेतलं." वनिता आत चुलीपाशी बसली होती. तिनं ते ऐकलं. तिला ते ऐकायची गरजही नव्हती, तिनं स्वतःशी ते आधीच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवसापासून पोरगी बोलेना. शाळेत यायची, पाटी पुढ्यात घेऊन बसायची. शनिवारच्या वर्गाला मात्र कुणीच येईना. शाळा सुटली की पोरं दप्तरं उचलून निघून जायची. बाईंनी वनिताला जवळ घेऊन सांगितलं, माय, बोलल्यानं कोणी मरत नाई, शब्द म्हणजे नुसता आवाज. पोरीनं पहिल्यांदाच वर पाहिलं आणि म्हणाली, "तुमीच त सांगतलं होतं, शब्दात जोर रायते म्हून." तेवढं बोलून पुन्हा गप्प झाली.

हे मला बाईंनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता. म्हणाल्या, "जन्मभर जे शिकवलं, तेच तिनं मले वापस देलं मास्तर. आता मी तिले काय सांगू? का जोर नसते शब्दात? मंग लिहाले कशाले शिकवलं?" मी वनरक्षकाकडून ऐकलेलं सांगितलं, की फुलं खायला हरणं येतात, हरणांमागं जनावर येतं आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस दिसत नाही. बाई म्हणाल्या, तेही सांगून पाहिलं. पोरीनं मान हलवली, पण तिचे पाय हलत होते.

त्याच दिवसांत प्रकाशकाचा तगादा सुरू झाला. गबाळूचं तिसरं पुस्तक तयार होतं, माझी चित्रं रंगवून झाली होती. बाई म्हणाल्या, ते छापायचं नाही. मी भडकलो. महिनाभर डोळे फोडून केलेलं काम. म्हटलं, बाई, पुस्तकातला वाघ वेगळा आणि रानातला वेगळा, हे दुधखुळ्या पोरालाही कळतं. बाईंनी एवढंच विचारलं की मास्तर, हे पुस्तक तुम्ही स्वतः जाऊन वनिताच्या हातात द्याल का. मी चित्रांचा गठ्ठा उचलला आणि पेटीत टाकला. दोन दिवस मी बाईंशी बोललो नाही. माझ्या बायकोनं मला त्यावरून चांगलंच फैलावर घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, जनाबाईच्या झाडाखाली कोणी जात नाही, फुलं पडून आंबून राहिली आहेत. मी पहाटे तिथं जाऊन उभी राहणार आणि त्याचं नाव घेणार. मोठ्यानं. रोज. बोरटोल्यातल्या एका शिक्षिकेकडे मुक्कामाची सोयही त्यांनी करून ठेवली होती. मला आधी कळेचना. मग त्या म्हणाल्या, "नावानं येते ना? येऊ दे माह्या आंगावर. नाई आला, त पोरीच्या डोक्यावरून तेवढं ओझं उतरन."

"आणि आला तर?"

"आला, त पोरीचं खरं अन् माहं खोटं."

असल्या बाईला काय म्हणावं! पहिले चार दिवस त्या एकट्याच गेल्या. मग मला राहवेना, म्हणून मीही आदल्या संध्याकाळच्या गाडीनं गेलो, हातात छत्री घेऊन. छत्रीनं वाघ कसा आवरणार होतो ते मला विचारू नका. वाटेत वनरक्षक भेटला. तो म्हणाला, ओरडणाऱ्या माणसापासून जनावर लांबच रायते मास्तर, फक्त बाईले म्हणा वाकू नका. बाई झाडाखाली ताठ उभ्या राहिल्या, रानाकडे तोंड करून, आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाल्या, "वाघ." मग पुन्हा. दूरच्या झाडांखालच्या बायांनी टोपल्या उचलल्या आणि त्या आणखी लांब गेल्या. मोहाच्या वासानं डोकं भणभणत होतं. माझे पाय लटपटत होते, आणि ते बाईंना ऐकू जात असणार याची मला लाज वाटत होती.

गावाला हे आवडलं नव्हतं. रोज कुणीतरी वाटेत अडवून सांगे, बाई, रानाले काऊन छेडता? एकानं तर तोंडावर म्हटलं, की देव न मानणाऱ्याला रान काय कळणार. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या पहाटे जायच्या. वनिताला हे सगळं कळत होतं, कारण गावात दुसरा विषयच नव्हता.

माझी तिथली दुसरी पहाट. बाईंनी दोन वेळा नाव घेतलं असेल नसेल, तेवढ्यात वाळल्या पाल्यात पावलं वाजली. माझ्या हातून छत्री पडली. पाहतो तर वनिता. अनवाणी, एकटी, गावापासून पळत आलेली. ती थेट बाईंवर धडकली, त्यांची मान खाली ओढली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबून धरलं.

"नका घेऊ जी बाई. तुमाले बी नेईन."

बाई तिथंच फुलांत बसल्या. पोरीचे हात तोंडावरून काढले नाहीत. त्या हातांच्या आतूनच म्हणत राहिल्या, नाई घेत, नाई घेत माय. पोरगी रडत होती, बाईही रडत होत्या. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली असं डोमाजी नंतर म्हणाला. आम्ही तिला मध्ये घेऊन गावात आलो.

परतीच्या गाडीत मला बाईंचा राग आला होता. म्हटलं, एवढा जीव टांगणीला लावलात आणि शेवटी पोरीला काय वचन दिलंत, तर नाव घेणार नाही म्हणून. म्हणजे गावाचंच खरं झालं. बाई खिडकीबाहेर धानशेतांच्या सुकलेल्या बांध्यांकडे पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, "हरलो मास्तर. पण कसं आहे, आपल्यानं माय मेली असं धरून बसली होती ते. आज तिनं कोणाले तरी वाचवलं. आता मी तिले म्हणू का, तू नाई वाचवलं?" आजही मला नीट ठरवता येत नाही, की त्या दिवशी बाई हरल्या की काय झालं.

पुढं जूनमध्ये बाईंची बदली झाली, पार गडचिरोलीच्या आतल्या भागात. तिथंही त्या फळ्याकडे तोंड करून गोष्टी सांगत होत्या म्हणे. खेकड्याच्या, पाणकोंबडीच्या, एका आळशी पळसाच्या. वाघाची गोष्ट त्यांनी पुन्हा लिहिली नाही. दोन पावसाळ्यांनी तिकडंच तापानं गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. गबाळूची चित्रं अजून माझ्या पेटीत आहेत. लोक विचारतात, छापत का नाही, आता काय हरकत आहे. हरकत काही नाही. पण मी छापत नाही.

बाईंची आठवण काढली की मला त्यांचं जाणं आठवत नाही. मला आठवतो उन्हाळ्याच्या सुटीआधीचा बोरटोल्यातला शेवटचा शनिवार. शाळा सुटली तरी वनिता जागची उठली नाही, तिला पाहून दोन पोरं थांबली, मग आणखी काही, आणि बऱ्याच दिवसांनी वर्ग भरला. बाई काही शिकवायच्या आत वनिता उठून पुढं गेली. तिनं फळ्याकडे तोंड केलं, हात मागे बांधले आणि सांगायला लागली. बाई जाऊन पोरांमध्ये जमिनीवर बसल्या. मी दाराशी उभा होतो.

तिची माय अंधारात उठायची. चूल पेटवायची नाही, पोरं जागी होतील म्हणून. मोह वेचून आली की टोपलीतलं सगळ्यात ताजं फूल काढून वनिताच्या तोंडात घालायची, ते रोजचं ठरलेलं. त्या दिवशीही ती गेली, झाडाखाली वाकली, मंग मायच्या मांगून... इथं वनिता थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं तिथं कोणता शब्द येतो. एरवी तिच्या वहीतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून "इथी काय?" विचारणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. ती जागा तशीच राहिली आणि वनिता पुढं गेली.

"मंग टोपली घरी आणली लोकायनं. भरून होती. त्यातलं माहं फूल कोणतं होतं, ते मले कोणी सांगतलं नाई."

गोष्ट तेवढीच होती. मी खाली पाहिलं. धुळीत पसरलेले ते सगळे काळे, फुटलेल्या टाचांचे पाय, त्यांतच बाईंचे दोन. वनिता वळली नाही. फळ्याकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, "पाय कुठी हालले?"

पोरं बाईंकडे पाहू लागली.

"कुठीच नाई, माय," त्या म्हणाल्या. "कुठीच नाई."